रंगूबाईच्या खाचरातला किल्ला

भरतने हवेच्या किल्ल्याचा चौथा दोर कालिंदीच्या तुळशीवृंदावनाला आवळून बांधला, आणि शरदरावांच्या हातातला चहा बशीत, बशीतून धोतरावर सांडला. म्हशीला बांधावं तसा बांधला होता मेल्याने; दोन वेढे आणि वर गाठ. पहिला दोर मुलाच्या, देवव्रतच्या गाडीच्या बंपरला होता, दुसरा नळाच्या पायपाला, तिसरा पेरूच्या झाडाला. त्या पेरूला स्वतःलाच गेल्या पावसाळ्यापासून बांबूचा टेकू होता. अंगणभर पसरलेलं ते पिवळं-जांभळं रबरी धूड अर्धंमुर्धं फुगून, आजारी माणूस उशीवर उठून बसावा तसं हळूहळू उठत होतं. मागे हवा भरणारा पंखा घोंघावत होता. नव्या रेनकोटाचा असतो तसा एक वास सगळ्या अंगणात भरला होता.

"अरे, तुळस आहे ती," ते म्हणाले.

"हो ना काका. मजबूत हाय. सिमेटमध्ये बशिवलीय." भरतने वृंदावनाच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या अंगणात सगळी फरशी. मेखा ठोकू कुठं?"

"आणि वारा आला तर?"

"टेन्शन नाय घ्यायचं. पाच वर्षं किल्ले भाड्यानं द्यायचा धंदा हाय पोलादपुरात. आजवर एक पन उडाला नाय."

एक पण उडाला नाय. हे वाक्य शरदरावांच्या डोक्यात शिरलं आणि आत बसून पाय हलवू लागलं. आचारी कधी सांगतो का, की माझ्या भाजीने आजवर एक पण मेला नाही? न्हावी सांगतो का, की एकाचाही कान गेला नाही? जो माणूस न विचारता असं सांगतो त्याच्या मनात उडण्याची कल्पना कधीतरी येऊन गेलेली असते. आणि शरदरावांच्या मनात तर ती गेले आठ दिवस मुक्कामालाच होती. कुठल्यातरी परदेशातला एक व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर पाहिला होता. असाच एक किल्ला कौलांवरून डुलत डुलत निघालेला, आणि खाली माणसं टोप्या धरून धावतायत. आता त्यांना तो महाडवर दिसू लागला. सावित्रीवरून, तुडीलवरून, खाली खाडीच्या अंगाने निघालाय, मागे गाडी लोंबतेय, नळाचा पाइप लोंबतोय, पेरू आपल्या टेकूसकट लोंबतोय, आणि सगळ्यांत शेवटी वृंदावन, त्यातली तुळस वाऱ्याने मागे लवलेली. पुष्पक विमानाचं आख्यान त्यांनी देवळात शंभरदा ऐकलं होतं. बुवांनी प्रत्येक वेळी विमानाच्या घंटा वेगळ्या वाजवल्या होत्या. पण कुणाची तुळस उपटून नेल्याचं कुठल्याच बुवांनी सांगितलं नव्हतं.

बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि दारात नात ईरा उभी दिसली. हात कमरेवर. आज सहा वर्षं पुरी. काल रात्री जेवताना तिने त्यांना समोर बसवून बजावलं होतं, "आजोबा, उद्या तू 'नको' म्हणायचं नाही. 'सावकाश'पण म्हणायचं नाही. म्हणालास तर पुढचा बर्थडे पुण्यात." बायको कालिंदी हसली होती, देवव्रत हसला होता, सूनबाई उज्ज्वला तोंडावर रुमाल धरून हसली होती, आणि शरदरावही हसले होते, पण रात्री कूस बदलताना त्यांना कळलं की मुलगी हसली नव्हती. गेल्या वर्षी फुगे निरांजनाजवळ आले म्हणून त्यांनी फुगे काढायला लावले होते, आणि मुलांनी गोळ्या चघळत धावू नये म्हणून गोळ्या परत गोळा केल्या होत्या, तोंडातल्यासुद्धा. त्या वाढदिवसाचा एकच फोटो चांगला आला होता आणि त्यात ईरा रडत होती. वर्षातून ती दोनदा महाडला यायची. त्यातलं एकदा गेलं तर उरायचं काय?

त्यांचं सगळं आयुष्यच 'नको' आणि 'सावकाश' या दोन शब्दांवर चाललं होतं, आणि पगारही त्याचाच मिळाला होता. एसटी स्टँडवर कंट्रोलर. माइकवरून रोज सांगायचं, चालत्या गाडीत चढू नका, खिडकीतून हात बाहेर काढू नका. पण त्याच्याही आधी, लहानपणी, काका सगळ्या मुलांना सवच्या गरम कुंडावर घेऊन गेला होता. मुलं ओरडत उतरली, लाल होऊन बाहेर आली, पुन्हा उतरली. शरद काठावर उभा. पायाचा अंगठा बुडवायचा, काढायचा. "ये की रे, उकडत नाही त्यात कुणी," काका आतून म्हणाला, आणि मग कंटाळून म्हणाला, "बरं, मग आमचे कपडे सांभाळ." त्याने सांभाळले. एका हातावर सात सदरे, दुसऱ्या हातात काकाचं घड्याळ. गंधकाचा वास, वाफ, वाफेतून येणारं हसणं, आणि आपण कोरडे. त्या कोरडेपणात एक मान होता, आणि एक भलतीच लाज होती. दोन्ही कातडीला चिकटून राहिली. पुढे जिथे जिथे गेले तिथे कुणी ना कुणी त्यांच्या हातात काहीतरी सांभाळायला दिलं. देवळात कीर्तनाला बसले तर बुवांचा फेटा, पेटीवाल्याचा चष्मा. फक्त झांज हातात आली की ते कुणाचं काही सांभाळत नसत. तेव्हा गजराच्या लाटेत तेही कुठेतरी ओले होत असत. पण ते कुणाला दिसत नव्हतं.

"आजोबा," ईरा दारातून म्हणाली, "तू काहीतरी म्हणणार आहेस."

"छे," शरदराव म्हणाले. "मी म्हणत होतो की... की अंगण फार लहान पडतंय. किल्ला कसा मोकळ्या रानात हवा."

हे त्यांना कुठून सुचलं ते त्यांनाही कळलं नाही. देवाला हाक मारली नव्हती तरी तो आला होता, असंच म्हणायचं. कुंपणापलीकडे रंगूबाईचं खाचर होतं. भात कापून महिना झाला होता, जमीन वाळून घट्ट बसली होती. मेख जाईल आणि धरूनही ठेवील. रंगूबाई बांधावर बसून सगळं पाहतच होती.

"कंट्रोलर, किल्ला बांधताव का माज्या खाचरात?" ती म्हणाली. "बांधा, बांधा. पन तोफा नको हा उडवू. माजी म्हस गाभन हाय."

मग तासभर भरतची बडबड आणि शरदरावांची देखरेख यांच्यात किल्ला खाचरात आला. भाताची धसकटं रबराला टोचतील म्हणून खाली ताडपत्री अंथरली. मेखा शरदरावांनी स्वतः मोजायच्या नाहीत असं ठरवलं होतं, पण एकेकीवर पाय देऊन पाहिल्याशिवाय राहवलं नाही. त्या सरळ ठोकल्या होत्या. किल्ल्यापासून बाहेरच्या बाजूला तिरक्या हव्यात हे भरतला पटवायला त्यांना तंबूचा दाखला द्यावा लागला, बैलाच्या खुंट्याचा द्यावा लागला. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या लग्नाचा मांडव कुणी घातला होता?" आणि भरत निमूटपणे मेखा तिरक्या ठोकू लागला. पंख्याची वायर चिकटपट्टीच्या जोडावर जोड लावलेली होती. ती जमिनीवरून पाटाच्या पाण्यात जात होती, ती उचलून कुंपणावर टांगली. बटणाचा बोर्ड एका बांबूला, पोरांच्या हाताला येणार नाही असा, आणि बांबूशेजारी खुर्ची. त्या खुर्चीत कोण बसणार हे कुणी विचारलं नाही.

"आणि लाईट गेली तर?" शरदरावांनी हळू विचारलं, ईराला ऐकू जाणार नाही असं.

"गेली तर बसतो किल्ला. म्हशीसारखा, दमानं. पोरं दारातनं भाईर. कोन मोटा मानूस दाराशी असला म्हंजे झालं."

"मी असेन," शरदराव म्हणाले. त्या क्षणी त्यांना खरोखर वाटलं की जगात एकच शत्रू आहे आणि तो दूर कुठेतरी खांबावर, तारेत आहे.

पोरं आली. पाच, सात, मग मोजण्यात अर्थ उरला नाही. पुण्याची, महाडची, शेजारच्या आळीतली. रंगूबाईचा नातू सुशांत. आणि भावाचा सुहास, वय चौदा, पाय बेचाळीस इंची. सुहासने पहिलीच उडी घेतली आणि आतली तीन लहान पोरं हवेत गेली, जात्यावर मूग उडावेत तशी. शरदरावांच्या घशात 'नको' आला. ओठांपर्यंत आला. ईरा आतून पाहत होती. आणि मग तो शब्द त्यांनी गिळला आणि त्याच्या जागी तीस वर्षं स्टँडवर घासून गुळगुळीत झालेला दुसराच आवाज नाकातून बाहेर पडला.

"लक्ष द्याऽऽ. लहान मुलांची जलद गाडी, फलाट क्रमांक एक. मोठ्या मुलांनी ह्या गाडीत चढू नये, मोठ्यांची निमआराम पाठोपाठ लागत आहे. पादत्राणे खालीच ठेवावी. हेअरपिना, चष्मे, कंपासपेट्या कंट्रोलरकडे जमा कराव्यात. तोंडात चकली असलेल्या प्रवाशांनी चकली संपवूनच चढावे. गाडी सुटत आहेऽऽ."

पोरं खदखदून हसली. सुहास खाली उतरून खरोखर रांगेत उभा राहिला आणि विचारू लागला, "काका, निमआरामला आरक्षण आहे का?" सुशांत आला, तोंडातली चकली दाखवून "संपली" म्हणाला आणि आत गेला. कुणी कोलांटी मारायला लागलं की शरदराव घोषणा करायचे, "चालकाने गाडी उलटी चालवू नये," आणि कोलांटी थांबायची. ईरा दर फेरीला दारात येऊन त्यांच्याकडे पाहायची. तिच्या कपाळावर घाम, केस चिकटलेले, आणि डोळ्यांत एक असं काही की शरदराव दुसरीकडे पाहायचे. त्या दोन शब्दांतला एकसुद्धा म्हटला नव्हता. ना हा, ना तो. हातावर चौदा मोज्यांचे जोड, खिशात चष्मे, आणि तरी आज कोरडं वाटत नव्हतं. रंगूबाई बांधावरून म्हणाली, "कंट्रोलर, रिटायर कशाला झालाव?" पंख्याची घरघर एव्हाना त्यांना ऐकू येईनाशी झाली होती, तंबोऱ्यासारखी ती सगळ्याच्या खाली नुसती होती. बुवा म्हणायचे की नाम असं घ्यावं, घेतोय हे कळू नये. शरदरावांना हा दाखला इतका आवडला की त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

मुलगी काही केल्या घरात येईना, म्हणून शेवटी औक्षणच खाचरात आलं. सावली पंख्यापाशी होती, म्हणून पाट तिथे मांडला. ईराला सूनबाईने किल्ल्यातून ओढून बसवलं. बाकीची लहान पोरं आतच होती, तिच्या वाट्याच्याही उड्या मारत. कालिंदी नऊवारी सावरत, तबक दोन्ही हातांत धरून बांधावरून आली. सुपारी, अंगठी, अक्षता, आणि मधे निरांजन. ते पंख्याच्या झोताशी येताच ज्योत आडवी झाली, निळी झाली, विझते की काय अशी झाली. देवव्रतने मोबाइल वर धरला. कालिंदीने हाताचा आडोसा केला आणि लग्न झाल्यापासून प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक भाऊबीजेला, प्रत्येक पाडव्याला जे म्हणत आली तेच म्हणाली:

"अहो, तो पंखा बंद करा जरा. निरांजन विझतंय."

आणि शरदरावांनी केला.

तेवढंच. कसलाही विचार झाला नाही. देवळात ते नेहमी बोर्डाखालीच बसत. आरतीचं तबक उजळलं की पंखे बंद करायचे हे त्यांचं काम, झांजेइतकंच जुनं. हात वर जातो, बटण खाली येतं, खट्. आणि मग ती शांतता. आरतीच्या आधीची, दीड श्वासाची, ज्यात गाभारा जरा मोठा होतो आणि ज्योत सरळ उभी राहते. आताही राहिली. सोन्याच्या सुईसारखी. किती सुंदर, असं शरदरावांना वाटलं. घरघर थांबल्यावर दूर हायवेवरची गाडी ऐकू आली, म्हशीच्या गळ्यातली साखळी ऐकू आली. त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले, पुढे देवव्रतच्या मोबाइलमध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. ईराच्या कपाळाला कुंकू लागलं, कालिंदीने सुपारी ओवाळली, आणि तिच्या खांद्यावरून शरदरावांनी पाहिलं की किल्ल्याचा डावा बुरूज नमस्कार करतोय.

तो आधी किंचित वाकला, सभेला उशिरा आलेला माणूस वाकतो तसा. मग दुसरा वाकला. मग मधली कमान पोट आत घेऊन खाली येऊ लागली, आणि आतून सात पोरांची एकच लांबलचक किंकाळी आली, आनंदाची की भीतीची ते अजून ठरायचं होतं. शरदरावांच्या हातून मोजे पडले. आपला हात. हा, हाच हात. त्यांना बटणाकडे जायचं सुचायला हवं होतं. बटण वीतभर अंतरावर होतं. पण पाय दाराकडे निघाले होते, कारण सकाळी ते म्हणाले होते, मी असेन. चपला काढल्या. हो, तेवढ्यातही काढल्या. आणि कमान डोक्यावर टेकायच्या आत ते गुडघ्यांवर आत शिरले, पाठ वर केली, आणि रबराचं ते ऊन, जड, सुस्त ओझं त्यांच्या पाठीवर येऊन बसलं.

आत जांभळा अंधार होता. उजेड कापडातून गाळून येत होता, डोळे मिटल्यावर पापण्यांतून येतो तसा. घाम, चकली, रबर. कुठेतरी कोणी हुंदका देत होतं, कोणी म्हणत होतं "माझा पाय, माझा पाय," आणि दुसरा म्हणत होता "तो माझा आहे." भिंती श्वास सोडत होत्या. ओरडावं तर काय? 'घाबरू नका' म्हटलं की माणूस घाबरतो, हे स्टँडवर पाहिलेलं. आणि तेव्हा, त्या जांभळ्या अंधारात, त्यांना तुडीलच्या कीर्तनाचा मांडव आठवला. वाऱ्याने सगळा मांडव श्रोत्यांवर बसला होता, बायका किंचाळत होत्या, आणि कापडाखालून महिपतीबुवांनी चिपळ्या न थांबवता गजर धरला होता. सगळं गाव त्या आवाजाच्या दिशेने रांगत बाहेर आलं होतं, आणि बाहेर आल्यावर बुवांनी आख्यान जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं होतं. शरदरावांनी पाठीवरचं ओझं एका बाजूला घेतलं, दोन्ही तळवे रबरावर आपटले, फट् फट्, आणि भसाड्या, माइकने खाल्लेल्या आवाजात सुरू केलं, "विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल!"

 मग कोपऱ्यातून एक बारीक आवाज, "विठ्ठल विठ्ठल." मग दुसरा. हुंदकाही तालात येऊ लागला. "आवाजाकडे या रे! रांगत! पुढच्याचा पाय धरा, ओढू नका! विठ्ठल विठ्ठल!" एक डोकं त्यांच्या काखेखालून गेलं, दुसरं गेलं. घामेजलेले गाल, कोपरं, कुणाची वेणी त्यांच्या तोंडात. सुशांत सर्वांत शेवटी आला आणि जाता जाता म्हणाला, "आजोबा, मी मुद्दाम शेवटी राह्यलो. मजा हाय." आता मात्र आत कुणी नव्हतं. शरदराव एकटे. पाठीवर किल्ला. तोंड अजून गजर करतच होतं; थांबावं कसं हे त्यांना कळेना.

बाहेर भरत मसालेभाताचा हात तसाच घेऊन पानावरून धावत आला आणि त्याने बटण दाबलं. किल्ला त्यांच्या अंगावरून उठला. कमान वर गेली, बुरूज ताठ झाले, आणि सगळ्या खाचराने पाहिलं की मधोमध कंट्रोलर मांडी घालून बसलेत, टाळ्या पिटतायत, आणि जमीन त्यांना हळूच वर-खाली करतेय.

"कोन बंद केला रं पंखा?" भरत ओरडला.

कालिंदीच्या हातातलं निरांजन नव्या झोताने विझलं होतं. तिने तोंड उघडलं. "मी..."

"मी केला," आतून शरदराव म्हणाले. "हिने सांगितलं, पण हात माझा." आणि उतरताना त्यांच्या लक्षात आलं की दारात उभं राहणारा, मेखा तपासणारा, वायर टांगणारा, सगळं बघणारा माणूस होता, आणि नजर ठेवायला हवी होती ती एकट्या त्याच्यावरच.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. देवव्रत काहीतरी बोलणार होता. त्याच्या तोंडावर बापाला ऐकवायची पंधरा वर्षं साठलेली वाक्यं दिसत होती. पण पोरांनी त्याला बोलू दिलं नाही. ती शरदरावांच्या धोतराला झोंबली होती. "परत बंद करा! आजोबा, परत! आता आम्ही खालच्या बाजूला!" सुहास म्हणत होता की निमआरामवाल्यांवर अन्याय झाला. रंगूबाई पदराने डोळे पुसत होती, हसून.

एकटी ईरा पाटावर बसली होती. कपाळावर कुंकू, केसांत अक्षता.

"सगळे आत होते," ती म्हणाली. "माझा बर्थडे. मीच नव्हते."

शरदराव तिच्यासमोर धसकटांवर बसले. टोचलं.

"आता पाड," ती म्हणाली. "मी आत जाते. मग पाड."

कालिंदी, सूनबाई, देवव्रत, भरत, सगळे त्यांच्याकडे पाहत होते. पुढचा वाढदिवस पुण्यात. मोठा हॉल, हॉलला एसी, आणि आजोबा फोनवर. शरदरावांना ते सगळं स्पष्ट दिसलं, आणि दिवसभर गिळलेला शब्द त्यांच्या तोंडात आला. या खेपेस त्यांनी त्याला दुसरा आवाज दिला नाही.

"नको," ते म्हणाले. "नाही पाडणार, बाळा. कधीच नाही."

ईराने त्यांच्याकडे पाठ फिरवली. पाट करकरला. मागे पंखा घरघरत होता, पोरं पुन्हा रांगेत उभी राहून आत जात होती, आणि बोर्डासमोर कालिंदी स्वतः खुर्ची ओढून बसली होती, तबक मांडीवर घेऊन. पाठमोरी मुलगी बराच वेळ धसकटं उपटत राहिली. मग मागे न वळता तिने विचारलं, "आत कसं होतं?"

शरदराव बोलू लागले तेव्हा बसूनच होते. कधी उठले ते त्यांना कळलं नाही. "ऐका," ते म्हणाले, आणि उपरणं खांद्यावरून कमरेला आलं, "आकाश कधी जांभळं पाहिलंय? नाही ना? ते जांभळं आकाश हळूहळू, हळूहळू खाली आलं, आणि म्हणालं, फार वर्षं वर आहे रे, दमलोय, जरा तुमच्या पाठीवर टेकू का?" तळवे आपोआप एकमेकांवर वाजले. ईरा अर्धी वळली. "आत पर्वत होते, ते श्वास सोडत होते. कुणाचा पाय कुणाचा, कुणाला ठाऊक! एक जण म्हणाला, हा पाय माझा. दुसरा म्हणाला, देवा, मग माझा कुठाय?" ईरा पूर्ण वळली. किल्ल्यातली पोरं एकेक करून दाराशी आली, मग खाली उतरून ताडपत्रीच्या कडेला बसली. "आणि त्या काळोखात, सर्वांत तळाशी, एक वीर बसला होता..."

"असं नाय झालं," सुशांत म्हणाला. "मी आत होतो ना. आकाश-बिकाश काय नव्हतं. नुसतं कापड होतं."

"गप रे," ईरा त्याच्यावर खेकसली. "तू नुसता आत होतास." आणि पाट पुढे सरकवत, मान वर करून म्हणाली, "हं आजोबा. मग?"